पिवळा फोन

डुलुथमध्ये गुरुवारी रात्री उणे एकोणीस.
सरोवरावरचा वारा तिकिटाच्या रांगेला सोलून काढतो,
तरी रांगेतलं कुणी हलत नाही.
हा चौदावा भाग आहे.
आधीच्या तेरांनी आम्हाला याहून जास्त सोसायला लावलंय.

लिरॉय हाउगनने झगा घातलाय, कोबाल्ट निळा,
दोन हजार तीन साली आईच्या मशीनवर स्वतः शिवलेला.
दर दोन भागांनंतर बाजूची शिवण उसवून
तो एक पट्टी जोडतो.
आता त्या झग्यात निळ्याच्या सात छटा आहेत
आणि कुठली पट्टी कधीची, हे त्याला पाठ आहे:
"ही सहाव्यानंतरची. सहावा बरा होता."
सहावा मुळीच बरा नव्हता.
कुणी काही बोलत नाही.
रांगेत तेवढी माणुसकी असते.

मी आलेय ती फोनसाठी.
तिसऱ्या भागाचा शेवट:
हेरॉन पुरात उडी घेतो, शहर वाचतं,
आणि त्याच्या रिकाम्या स्वयंपाकघरात
भिंतीवरचा पिवळा फोन वाजू लागतो.
नऊ वेळा. मग अंधार.
कोण होतं?

सतरा वर्षं मी त्या फोनपाशी बसून आहे.
माझं म्हणणं, त्याची बहीण.
पहिल्या भागात एका वाक्यात तिचं नाव येतं,
मग लिहिणारेच तिला विसरले.
डेल्फीन म्हणते, तो स्वतःच, म्हातारपणातून.
माझा भाऊ ऑरिन म्हणतो, राँग नंबर.
"जगातले निम्मे फोन राँग नंबरच असतात, सिग्ने."
यावरून एका नाताळात आम्ही असे जुंपलो
की आईने टेबलावरचं बदक उचलून
परत ओव्हनमध्ये ठेवलं,
आणि ओव्हनला पाठ लावून उभी राहिली.

चौथ्यात दिग्दर्शक बदलला.
सातव्यात हेरॉनचा चेहराच बदलला, आणि त्याच्या बायकोलासुद्धा
ते लक्षात आलं नाही.
आठव्यात तो मेला. मी खरंच रडले हो,
धान्याच्या कोठारावर दोन दिवस रजा टाकली.
नवव्यात म्हणे मेलाच नव्हता.
माझे दोन दिवस कोण परत देणार?
शिळ्या कढीला ऊत आणायचाच तर आणा,
पण चव घेऊन तरी बघा एकदा.

असं आम्ही दर वेळी बोलतो.
आणि दर वेळी पहिल्या खेळाला, पाचवी रांग, मधोमध.

दिवे गेले. शहर कोसळलं,
त्याच पुलापासून, चौथ्यांदा.
आणि मग अचानक, काही कारण नसताना, ते स्वयंपाकघर.
तीच खिडकी. तोच कानतुटका कप.
माझा श्वास घशात.
मी भिंतीकडे पाहिलं.

फोन नव्हता.
खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.
नवा रंग, पिस्त्याचा, गुळगुळीत.

खिडकी फोडून कुणी नवा वीर आत आला,
थिएटर उठून ओरडलं,
टाळ्या वाजवताना लिरॉयची एक पट्टी टर्रकन फाटली.

शेवटची नावं अकरा मिनिटं चालली. मी बसून राहिले.
यातच कुठेतरी असेल ती भिंत रंगवणारा.
त्याला कुणी काही सांगितलं नसणार.
त्याने भोक बुजवलं असेल, पॉलिश पेपर मारला असेल,
तळहात फिरवून पाहिला असेल.
काम चोख केलंय. त्याच्यावर कसं रागवायचं?

शेजारी बापाच्या कोटात बुडालेली नऊएक वर्षांची मुलगी.
"काय शोधतेयस?"
"तिथे एक फोन होता."
"वाजायचा?"
"नऊ वेळा."
तिने रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ.
"मग कुणी उचलला?"
"अजून नाही," मी म्हणाले.
अजून, हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला, कळलं नाही.

बाहेर माझी गाडी सुरू होईना.
लिरॉयने वायरी लावल्या, फाटका झगा बर्फात लोळवत.
"पंधरावा मे महिन्यात येतोय," तो म्हणाला.
"निदान बोटं तरी गोठणार नाहीत."

इंजिन खोकलं, लागलं.
मोबाईलवर फार्गोहून ऑरिनचा मेसेज:
काय मग? राँग नंबर ना?

मी हातमोजा काढून दोन शब्द लिहिले, पुसले.
उद्या सांगेन.
किंवा मे महिन्यानंतर.