राखाडी म्हणू नकोस

शाळेत बाई म्हणायचं आणि घरी अम्मा,
हा करार मी पाचवीत असताना झाला,
कन्ना चौकातून तुझी सायकल ढकलत जाताना.
शाळेचं फाटक ही हद्द.
एकदा भर वर्गात तोंडून अम्मा निघालं,
सगळे हसले,
तूही हसलीस खडूच्या बोटांनी तोंड झाकून,
मग मधल्या सुट्टीपर्यंत तुझ्या ओठावर पांढरी मिशी.

दुडमबाई.
आठवड्याला चित्रकलेचे दोन तास,
तेही गणिताला हवे असले की सोडायचे, अशी रीत.
तू सोडायची नाहीस.

इंटरमिजिएटच्या परीक्षेआधी महिनाभर
आपल्या घरातली भांडी शाळेत जायची.
नायना कारखान्यातून आले, चहा मागितला,
तर तू म्हणालीस, किटली शाळेत बसलीय,
तिची सावली व्हायचीय अजून.
भुवईवरचा कापूस पुसत ते नुसते बघत राहिले.
मागच्या गल्लीत रात्रपाळीचे माग खडखडत होते.
पातेल्यातच झाला मग चहा.

पाणी चार दिवसांआड.
ब्रश धुतलेलं पाणीसुद्धा मोगऱ्याला.
मी आणि व्यंकटेश वाट बघायचो,
एखाद्या उन्हाळ्यात निळा मोगरा फुलेल.
फुलला नाही.
कुंडीची कड तेवढी रंगत गेली, वर्षावर वर्ष.

मला जमलंच नाही.
माझी वांगी फुग्यासारखी उडायला बघायची.
दुसऱ्याच्या कागदावर तू कधी पेन्सिल टेकवली नाहीस,
शेजारी बसून हवेत रेघ काढायचीस.
मला छत्तीस मार्क दिलेस शंभरपैकी,
आणि रात्री भाकरीवर शेंगाचटणी जरा जास्तच वाढलीस.

राखाडी म्हणू नकोस, हे तुझं पालुपद.
पोरं सांगायची, बाई, गिरणीचं धुराडं राखाडी,
भिंत राखाडी, तलावाचं पाणी राखाडी.
नाव घेतलं की डोळा झोपतो, म्हणायचीस,
त्यात जांभळं कुठंय ते सांग आधी.
मग सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर
बेचाळीस पोरं पाण्याकडे बघत
आणि चुरमुरेवाला पोरांकडे.

गेलीस तेव्हा माणसं येत राहिली,
निम्म्यांना मी ओळखत नव्हते.
रिक्षांच्या पाठीवर मोर काढणारा मैनुद्दीन
दारातच बसला, आत आला नाही.
म्हणाला, बाईंनी नापास केलेलं मला,
आभाळ डबीतल्या निळ्यानं रंगवलं म्हणून.
आपल्या सोलापुरात मे महिन्यात
आभाळ निळं असतं का, तुम्हीच सांगा.
आणि खिशातल्या फडक्यानं डोळे पुसले,
तर गालावर रुपेरी रंगाचा ओरखडा.
त्याला कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्मशानात
त्या माणसानं पाणी शिंपडलं आणि बाजूला झाला.
व्यंकटेश म्हणाला, चल, भरून घेऊ, ऊन चढतंय.
थांब, म्हटलं. खाली बसले.
कडेला गुलाबी झाक होती, जुन्या विटेची.
मधे पिवळसर पांढरं, जोंधळ्याच्या पिठासारखं.
पाणी पडलं होतं तिथे निळं,
जवळजवळ निळं.
आणि एके ठिकाणी, शपथ,
हिरवा थेंब, काचेचा. बांगडी असेल वितळलेली.
बाई, मी म्हणाले,
राखाडी नाहीये हे.
व्यंकटेशनं मडकं खाली ठेवलं
आणि माझ्याशेजारी उकिडवा बसला.

नायना हल्ली चहा मागत नाहीत.
तुझा ब्रशचा पेला खिडकीत तसाच,
पाणी आटलंय, तळाशी एक कडं राहिलंय.
काल पाणी आलं, पहाटे तीनला.
बादल्या भरल्या, पिंप भरलं,
पेला धुवायला घेतला आणि परत ठेवला.
कोणता रंग आहे, सांगता येत नाही अजून.
बघतेय.