चतुःसीमा

पूर्वेस : खाडीचा बांध.
पश्चिमेस : पदाजी मोकल यांचे शेत.
दक्षिणेस : सिडकोची हद्द.
उत्तरेस
इथं बोट थांबतं माझं,
कारण समोरच्या बाकड्यावरून बामीबाय विचारते,
"उघडीचा लिवलास का रं?"

पनवेलला निबंधक कार्यालयाच्या भिंतीलगत
पत्र्याच्या टपरीत बसून
एकोणीस वर्षं मी जमिनींना चार बाजू देतो.
आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप.
मजकूर जुनाच. नाव बदललं की दस्त नवा.

उतारा म्हणतो, क्षेत्र शून्य बेचाळीस पन्नास,
आकार तीन रुपये बारा पैसे.
कामोठ्याची पार्टी म्हणते, गुंठ्याला बावीस लाख.
माती तीच.
एवढ्या मोठ्या फरकात काय काय राहतं
ते कुठल्याच रकान्यात मागत नाहीत.

बामीबायला गट नंबर ठाऊक नाही.
तिच्याकडे चिंबोरखोण आहे, धाकला आवण आहे,
आणि बांधाकडचं ते 'बुडतं',
उधाणाला सगळ्यात आधी बुडायचं म्हणून.
बापाच्या मागोमाग रात्री कंदील घेऊन
ती भरतीआधी उघडीची फळी पाडायला जायची.
भाऊ तेव्हा लहान होते, झोपलेले असायचे.
आज ते गाडीत बसलेत, काचा वर करून, एसी लावून.
हसुराम मधूनच येऊन विचारतो, "झालं का?"

आत मशीनवर तिचा अंगठा ठेवला.
हिरवा दिवा लागेना.
ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा ठेवला.
शिपायानं व्हॅसलीन आणलं.
मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात.
वीस वर्षं मिठागरात फावडं ओढलेली बोटं ती,
गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी.
साहेब म्हणाले, तीननंतर बघू.
ती हसली. म्हणाली,
"खारानं खाल्लान् आंगठा, मी काय करू?"

हक्कसोड पत्रात एक वाक्य असतं,
ते मी आता टाइपही करत नाही, साठवून ठेवलंय :
'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय,
कोणताही मोबदला न घेता.'
माझ्या बहिणीच्या, कुंदाच्या, दस्तातही तेच आहे.
मीच छापला होता.
तिनं वाचायला मागितला तेव्हा म्हणालो,
वाचायचं काय, नेहमीचंच आहे.
ती बरं म्हणाली आणि सही केली.
नंतर दिवाळीला यायची राहिली,
हे कामाच्या नादात दोन वर्षांनी लक्षात आलं.

बामीबायनं फडकं सोडलं.
तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी.
अर्धी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली, न विचारता.

मी विचारलं, "उघडी कुठल्या अंगाला होती?"
तिनं दाखवलं, त्याच अंगठ्यानं,
झेरॉक्सच्या दुकानावरून, एसटी स्टँडवरून पलीकडे.
मी टाइप केलं :
उत्तरेस : उघडी. फळी सागाची.
भरतीच्या आधी पाडायची, ओहोटीला उचलायची.
एकानं ओढायचं, दुसऱ्यानं कंदील धरायचा.

प्रिंट काढायच्या आधी हे खोडावं लागणार.
तीनला अजून वीस मिनिटं आहेत.