वाक्यात उपयोग

समृद्धी विचारते,
"आबा, तटस्थ म्हणजे काय?
अर्थ लिहायचाय, आणि वाक्यात उपयोग. दोन मार्काला."

मी सांगतो, तट म्हणजे काठ.
काठावर उभा राहतो तो तटस्थ.
वाक्य ती आपलं आपणच करते:
'पंचगंगेच्या घाटावर म्हशी तटस्थ उभ्या होत्या.'

मला हसू येतं. मग थांबतं.

एकतीस वर्षं मी गुळाच्या सौद्यात मापाडी.
काट्याकडं बघायचं, माणसाकडं नाही,
हे पहिल्या दिवशी शिकवलेलं.
आणि पासंग.
एक पारडं मुळातच हलकं असतंय,
त्याच्या पोटाखाली खडा बांधायचा,
मग रिकामा तराजू सरळ दिसतो.

तानूबाई लोखंडे खाली सांडलेला चुरा गोळा करायची.
मगदूम अण्णा म्हणाले, रवा हिनंच फोडला.
रवा हमालाच्या हातनं निसटलेला,
माझ्यासमोर, काट्याच्या कडेवर आपटून.
माझ्या पायावर गूळ उडालेला.
कमिटीच्या साहेबांनी विचारलं,
"मापाडी, तुम्ही काय पाहिलंत?"

"मी तटस्थ आहे, साहेब."

शब्द पेपरातला होता. तोंडात छान बसला.
साहेबांनी मान डोलावली. अर्धा चहा आला.

तानूबाईनं पदराची गाठ सोडली,
सगळा चुरा माझ्या पारड्यात ओतला,
"बघ की आता, किती भरतोय."
काटा हललासुद्धा नाही.
दुसऱ्या दिवसापासनं ती यार्डात दिसली नाही.
मी विचारलंही नाही कुणाला.

त्याच साली राजाराम बंधाऱ्यावर
पाणी त्रेचाळीस फुटांच्या वर गेलं.
सगळं गाव पूर बघायला, मीही.
घाटाच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो,
पायरी गेली.
रस्त्यावर आलो, रस्ता गेला.
एकेक पाऊल मागं घेत
गंगावेशीपर्यंत पोचलो तेव्हा कळलं,
काठ असा कुठं नसतोच,
मी जिथवर मागं सरतो
तिथवर तो माझ्यासंगं सरतो.
चपलेत पाणी होतं.
त्याला गुळाचा वास येत होता, गाळाचाही.

"आबा, म्हशींचं वाक्य चालेल ना?"

चालेल, बाळ.
म्हशींना कुणी विचारलेलं नसतं.