दोन मडक्यांमधली वाळू

मानवतच्या पुढं अकरा किलोमीटर.
मी थर्मामीटर मोजायला जातो.
तापमान मोजायला, असं म्हणायचं होतं मला,
पण ऑफिसला थर्मामीटरच जास्त मोजून हवेत:
सत्तावीस दिले, सत्तावीस परत.

घर पिंजाऱ्यांचं. दारात कापसाचा ढीग,
हवेत कापूस, चहातही थोडा.
खैरुनबी गादीला टाके घालता घालता सांगते,
मागल्या उन्हाळ्यात पोरगी
रात्रीतून चारदा उठून माठाला लागायची.
टँकर पाचव्या दिवशी.
"किती पेतीस गं, साऱ्या गावाचं पेतीस का काय?"
असं म्हणून तिच्या हातातला तांब्या
काढून घेतला मी, सांगते,
आणि दोरा दातानं तोडते.

मग मोरीत मुंग्या आल्या,
रांगच्या रांग, जिथं साखर कधी सांडली नव्हती.
मग सलवार ढिली झाली. मग श्वासाला
पिकून उतरलेल्या फळासारखा वास.
मग परभणी, कुणाच्या तरी जीपमधून, बेशुद्धीत.
डॉक्टरनं विचारलं, तहान लागायची का हिला?
खैरुनबीनं काय उत्तर दिलं
ते माझ्या फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.

फॉर्ममध्ये विचारलंय: फ्रिज आहे की नाही.
वीज किती तास.
मडक्याचा प्रकार, अ की ब.
हे ब. मोठ्यात छोटं, मधी ओली वाळू,
वर भिजवलेलं फडकं.
सटवाजी कुंभारानं घडवलेलं.
तो मला म्हणाला, भाजणं जरा कच्चं ठेवतो साहेब,
मडक्याला घाम आला पाहिजे,
घाम न येणारं मडकं अन् माणूस, दोन्ही आतून तापतात.
हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसेना.
समासात लिहिलं.
पुण्याहून फोन आला: समास मोकळा ठेवत चला.

दुपारचे दोन. बाहेर त्रेचाळीस.
छोट्या मडक्यात, रुमालात गुंडाळलेल्या
इन्सुलिनच्या बाटलीपाशी, सव्वीस.
मी दोनदा वाचतो.
आनंद व्हावा असा आकडा आहे.

वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी लागते,
तांब्याभर, दोनदा.
टँकर अजून पाचव्याच दिवशी.
"आधी पोरगी पेयची, आता मडकं पेयालंय,"
खैरुनबी हसते.
हसताना तिच्या खालच्या ओठाची भेग उघडते.
कुणाच्या वाट्याचं पाणी, हे मी विचारत नाही.
तेवढं माझं प्रशिक्षण झालेलं आहे.

निकहत दहा वर्षांची. स्वतःच टोचून घेते.
पोटाला चिमटा, सुई, दहापर्यंत आकडे,
आठला थोडं थांबते, का ते माहीत नाही.
"आमच्या घरात सुईला कोण भितंय,"
अम्मीच्या डबीकडं बोट:
गादीची सुई, रजईची, गोणपाटाची,
आणि कोपऱ्यात तिची, केसाएवढी,
चौथ्या दिवशी वापरात असलेली.
बाटली सरकारी दवाखान्यात मिळते, असली तर.
नसली तर मेडिकलवर,
असली तर.

ऑगस्टात अभ्यास संपला.
निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, असं पत्र आलं,
सोबत प्रमाणपत्र, नावात वेलांटी चुकलेली, माझ्याच.
कुठल्याशा गार हॉलमध्ये कुणी आलेख दाखवील,
त्यात एक निळा ठिपका या घराचा.
पुढं काय, ते पत्रात नव्हतं.

थर्मामीटर आणायला गेलो तर
भिंतीवर कोळशानं आकडे.
पंचवीस. सव्वीस. सव्वीस. एकतीस.
एकतीसखाली दोन रेघा.
"त्या दिशी टँकर आलाच नव्हता," निकहत म्हणाली,
"काका, हे नेल्यावर मी
नुसता हात घालून सांगू का?"

सत्तावीस दिले, सव्वीस परत.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
वाळूत हरवला.
पगारातून तीनशे चाळीस गेले.