डबरा, बारावी ब

हे सगळं हिंदीत घडलं,
हे आधीच सांगून टाकते.
वर्गात मराठी यायची दोघांनाच:
मला, आणि केशव इंगळेला.
त्याचे आजोबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर,
माझे बाबा बँकेत, ग्वाल्हेरहून बदलीवर.
चुगल्यांसाठी वापरायचो आम्ही ती भाषा
आणि चाचणी परीक्षेत उत्तरं विचारायला.
भदौरिया सर म्हणायचे, "ये क्या गिटपिट है?"
केशव म्हणायचा, "सर, प्रार्थना."

निरोपाच्या दिवशी अकरावीनं आम्हाला
समोसा दिला, एकेक गुलाबजाम,
आणि घडी घातलेल्या चिठ्ठीवर एकेक पदवी.
सीमा सिकरवारला 'झाशी इथून जवळच आहे',
कारण तिनं एकदा सायकलचा पंप उगारून
बसस्टँडपर्यंत एकाला पळवला होता.
अफजलला 'कल लाऊँगा, सर'.
मला 'चालती-फिरती घंटा', मॉनिटर होते म्हणून.
केशवसाठी त्यांना काही सुचलं नसावं.
'शांत सागर' लिहिलं होतं,
तेच आणखी दोघांनाही होतं.

मग सर चहाला गेले.
खिडकीतून मळीचा वास येत होता, म्हणजे येत असणार;
पाहुणे नाक मुरडायचे
तेव्हाच आम्हाला तो कळायचा.
सीमा टेबलावर चढून बसली, म्हणाली,
हे तर झालेलं लिहिलंय सगळं.
आता पुढचं लिहा. वीस वर्षांनंतरचं.

अफजलच्या टोपीत एकतीस नावं.

पुष्पेंद्र कलेक्टर होणार होता,
पण आपल्याला बघून गाडीची काच खाली करणार, असं अटीसकट.
राजू पाल कारखाना विकत घेणार
आणि सकाळचा भोंगा सहाऐवजी दहाला वाजवणार.
अफजल दुबईला जाणार. उद्या.
रेखा जाटवनं तिची चिठ्ठी वाचून दाखवली नाही,
वहीच्या कव्हरात सरकवली,
आणि तास संपेपर्यंत त्या कव्हरावर हात ठेवून बसली.
नवरा कोणाच्याच चिठ्ठीत नव्हता;
मुलींनी तसं बजावलंच होतं,
सीमानं सगळ्यात जोरात.
मे महिन्यातली तारीख धरलेली होती तिची.
तिला माहीत होतं. आम्हाला नव्हतं.

भोंगाच बंद पडेल,
असं कोणीही लिहिलं नव्हतं.

माझं नाव निघालं केशवला.
त्यानं मराठीत लिहिलं.
बोलायचा तो फर्डा, आजीसारखा,
पण लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते:
'तू जानार. मग मी मराठीत
कोनाशी बोलनार?'

मी पेन्सिल काढली
आणि तिथल्या तिथे तिन्ही न चे ण केले.
आमच्या घरी तसंच चालायचं,
आई पत्रंसुद्धा दुरुस्त करून परत द्यायची.
त्याला म्हटलं, हे भविष्य नाही झालं, हा प्रश्न झाला.
तो म्हणाला, "हो का."
मी ते वाचलं नाही, तपासलं.

आता पुण्यात चौथ्या मजल्यावर
दिवसभर सगळेच मराठी बोलतात,
दूधवाला, बँक, लिफ्टमधली बाई.
चुगली करायची तर भाषाच उरलेली नाही.
मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन
काल रात्री मी ती चिठ्ठी उलगडली.

ण निघाले, पेन्सिलीचेच होते.
खाली न तसेच आहेत.
दाबून लिहायचा तो;
कागद उलटा केला तरी
बोटाला लागतात.