हरकत

गिरणी दुपारी एक ते चार बंद असते.
अख्खा अल्बम त्या तीन तासांतला आहे.
भांडुपला, खिंडीपाड्यात, वर माझी खोली, खाली दळण;
पट्टा फिरत असला की माइकला फक्त ज्वारी ऐकू येते.
म्हणून नऊ गाणी, सव्वीस दुपारी,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला दोन गोधड्या,
पंखा बंद,
आणि आत प्रज्योत हाटे, ज्याला पोरं थकबाकी म्हणतात,
बनियनवर, निथळत,
एकच ओळ एकोणिसाव्यांदा.

मी पंधरा वर्षं बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवला.
हळदीत लोक नाचले की आपलं बरं चाललंय, एवढं कळायचं.
हा पोरगा म्हणायचा, दादा,
कुणाला नाचता येणार नाही अशा जागा ठेव मध्ये मध्ये.
ठेवल्या.

अल्बमचं नाव 'ना हरकत'.
बिल्डरचा माणूस सहीला कागद घेऊन आला होता, त्यावरून उचललेलं.
कव्हरवर तोच कागद. सहीची जागा कोरी.

पहिल्या दिवशी तीनशे बारा वेळा ऐकला गेला,
त्यातले चाळीस मीच.
मग कुणीतरी चौथ्या गाण्यावर रील केली, टँकरच्या,
आणि आकडा रात्रभर विसरलेल्या इडलीच्या पिठासारखा
भांड्याबाहेर.

इंग्रजी पेपरानं साडेतीन तारे दिले.
'अस्सल' म्हटलं, चार वेळा. मी मोजलं.
मराठी पेपरानं विचारलं, ही भाषा नक्की कुठल्या तालुक्यातली?
चाळ कमिटीचे दाभोळे वकिलाची धमकी देऊन गेले,
रविवारी नातवाला घेऊन आले, फोटोला.
वांद्र्याच्या एका बाईंनी फोन करून माझंही कौतुक केलं:
आठव्या गाण्यामागे जो खरखरीत पोत आहे,
तो मुद्दाम ना?
गिरणीवाला त्या दिवशी सव्वातीनलाच आला होता.
मी म्हटलं, हो. मुद्दाम.

पद्मिनीमावशींनी सगळ्यात शेवटी ऐकला.
हॉस्पिटलातून आल्या, पाय धुतले,
मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला.
नऊच्या नऊ ऐकली. शिव्या आल्या तेव्हा भाजी निवडत राहिल्या.
म्हणाल्या, सहावं परत लाव.

दोन हजारांत मोडली पोत,
दात काढून हसला बाजार...

सतराशे, त्या म्हणाल्या.
आणि मोडली नव्हती. गहाण होती.
सोडवली मी, तू दहावीला होतास तेव्हा.

प्रज्योत म्हणाला, आई, यमक असतं.
त्या म्हणाल्या,
यमक आलं होतं का व्याज भरायला?

महिन्यानं लोअर परळला कार्यक्रम.
जुन्या मिलचं छत, खाली बिअर, साडेपाचशे पोरं,
सगळ्यांना सगळं पाठ.
सहावं आलं तशी तीच आधी ओरडली, दोन हजार!
तो म्हणाला, सतराशे.
दीड मात्रा रिकामी गेली.
मग म्हणाला, गहाण.
बाजार आलाच नाही.

पोरांना वाटलं, विसरला. काहींनी सावरून घ्यायला शिट्ट्या मारल्या.
दुसऱ्या दिवशी छापून आलं, लाइव्हला कच्चा.

मी मिक्सरवर होतो.
बेंजोत असतो तर ती जागा रोलनं भरून काढली असती,
पंधरा वर्षं दुसरं काय केलं?
बोट फेडरवर नुसतं ठेवून बसलो.

मावशी शेजारी, स्पीकरच्या रिकाम्या पेटीवर,
मांडीवर पर्स, कानांत कापूस, गळ्यात पोत.
एका कानातला कापूस काढून माझ्याकडे वाकल्या.
व्याजासकट चार हजार दोनशे झाले होते, म्हणाल्या.
त्याला नको सांगूस.
परत बदलत बसेल.