मागच्या महिन्याचं पान

गाडीखाली मी पुठ्ठा नाही ठेवत.
दिनदर्शिकेचं मागच्या महिन्याचं पान ठेवते, सुलटं,
वरचा काठ पुढच्या चाकाकडे.
सकाळी कळतं थेंब कुठल्या तारखेवर पडला.
एकादशीवर दोन.
‘दूध नको’ असं मीच लिहिलेल्या चौकोनात एक,
मोठा, काळा, अजून ओला.

सत्त्याऐंशीची बुलेट. नंदनची.
अकरा वर्षं पर्वती पायथ्याच्या आमच्या पार्किंगमध्ये
ताडपत्रीखाली उभी होती.
विकून टाक ना ताई, तो फोनवर म्हणतो
आणि त्याच्या मागे
बर्फ उपसायचं यंत्र घरघरत असतं.

आधी नटाखालचा वायसर काढला.
तांब्याचा. सांडशीत धरून गॅसवर लाल केला,
पाण्यात सोडला, चुर्र.
असा तापवला की मऊ होतो, नीट बसतो.
बसला. दुसऱ्या दिवशी थेंब अठ्ठावीस तारखेवर.
मग नाना पेठेत जाऊन पॅकिंगचा पूर्ण सेट आणला,
अकराशे साठ रुपये,
टॅपेटच्या झाकणाचं बुच बदललं, शेलॅक लावलं,
नखांत आठवडाभर तो वास.
बँकेत नोटा मोजताना गिऱ्हाईकं माझ्या बोटांकडे बघत.
थेंब सोळावर. थेंब नऊवर. पानभर हिंडत होता नुसता.

कुतुब मिस्त्री पान हातात घेऊन
कुंडली बघावी तसे बघत राहिले.
“पडतं तिथं शोधू नका.
तेल खाली येतं, वारा मागं नेतो.
चोर वर असतो, आणि पुढं.
धुवा, वाळवा, पावडर मारा, घाट चढवून आणा.”

रॉकेल आता कुठलं मिळायला. डिझेलनं धुतलं,
जुन्या टूथब्रशनं फिन्सच्या फटी,
मग घामोळ्याची पावडर, अख्खा डबा.
पाच किकमध्ये चालू झाली आणि कात्रजच्या जुन्या घाटात
एप्रिलातल्या तान्ह्या पोरासारखी दरवळत चढली.
बोगद्याच्या तोंडाशी उतरले, गुडघे टेकले, बॅटरी लावली.
कणसंवाला म्हणाला, “ढकलू का, मॅडम?”
पांढऱ्यावर काळ्या रेघा.
टॅपेटच्या दाराशी. चेनकेसच्या कडेला.
टायमिंगच्या झाकणाखाली. अजून एक, कुठून ते कळेना.
मी जे जे नवीन बसवलं होतं
तिथून तिथून.

“चार ठिकाणी गळतंय
म्हणजे एकाही ठिकाणी गळत नाही,” मिस्त्री म्हणाले.
मागच्या बाजूनं एक काळी रबरी नळी ओढून काढली,
करंगळीएवढी, वाळून लाकूड झालेली.
फुंकून बघा म्हणाले. मी फुंकलं. गाल फुगले फक्त.
तारेनं कोरलं तर आतून माती.
कुंभारमाशीचं घर,
गोल, हातानं लिंपल्यासारखं,
आत रिकामं टरफल. पोरं केव्हाच उडून गेलेली.

“पिस्टन खाली आला की आतली हवा जाणार कुठं?
तिचा रस्ता हा. हा बंद.
मग ती मिळेल त्या फटीतनं निघते
आणि निघताना तेल घेऊन निघते.
पॅकिंग बिचारी काय करेल?”

मी काही बोलले नाही.
मागच्याच मंगळवारी कॅशमधल्या नव्या मुलावर
मी एका स्टेपलरवरून ओरडले होते,
सगळी शाखा वळून बघेपर्यंत.

नवी नळी चाळीस रुपयांना. मजुरी घेतली नाहीत त्यांनी,
मातीचं ते घर तेवढं मागून घेतलं, नातवाला दाखवायला.

आज पान कोरं.
एकादशी कोरी, ‘दूध नको’ कोरं, रविवार लाल आणि कोरडे.
दोन मिनिटं तशीच उकिडवी बसले.
मग धसकाच बसला: तेल संपलं तर नाही?
झाकण फिरवून पट्टी काढली,
ओढणीला पुसली, परत घातली, काढली.

वरच्या खुणेपर्यंत ओली.